पडत्या वस्तूंचे कोडे

वैशाखातल्या वाऱ्याने आंब्याचे झाड हलले, की एखादा पाडाचा आंबा धपकन खाली येतो. त्याच वेळी देठापासून सुटलेले वाळके पान मात्र हवेत गिरक्या घेत, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे झुकत, सावकाश जमिनीवर उतरते. हे दृश्य आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही? ते पाहून आपण मनाशी सहज एक निष्कर्षही काढतो : जड वस्तू लवकर पडते आणि हलकी वस्तू उशिरा पडते. हा निष्कर्ष इतका उघड वाटतो, की त्याची परीक्षा घ्यावी असे आपल्या मनातही येत नाही. परंतु मुलांनो, उघड वाटणारी प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही. हे साधे दिसणारे कोडे उलगडायला मनुष्याला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. ते कसे उलगडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचा थोर तत्त्ववेत्ता होऊन गेला. प्राणी, वनस्पती, तारे, राजनीती, काव्य अशा नाना विषयांवर त्याने लेखन केले. पडणाऱ्या वस्तूंविषयी त्याचे मत असे होते, की वस्तू जितकी जड, तितका तिचा पडण्याचा वेग अधिक. म्हणजे एक दगड दुसऱ्याच्या दसपट जड असेल, तर तो दसपट वेगाने खाली येईल. ॲरिस्टॉटलची विद्वत्ता एवढी मोठी, की पुढे शतकानुशतके युरोपातील विद्यापीठांत त्याचा शब्द हाच अखेरचा पुरावा मानला जाई. शंका आली, तर लोक दोन दगड हाती घेत नसत; ते त्याचा ग्रंथ उघडून पाहत.

अर्थात, या दीर्घ काळात कोणीच डोळे उघडून पाहिले नाही असे नव्हे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रिया येथील फिलोपोनस नावाच्या पंडिताने लिहून ठेवले, की एक वजन दुसऱ्याच्या कितीतरी पट जड असले, तरी एकाच उंचीवरून सोडल्यास त्यांच्या पडण्याच्या वेळांत फरक अगदी थोडा पडतो. पुढे हॉलंडमध्ये सायमन स्टेव्हिन याने आपल्या एका मित्राच्या साहाय्याने शिशाचे दोन गोळे सुमारे तीस फूट उंचीवरून खाली एका फळीवर सोडले. त्यांपैकी एक गोळा दुसऱ्याच्या दसपट जड होता. तरीही फळीवर दोन आवाज न होता जणू एकच आवाज झाला. हा अनुभव त्याने १५८६ साली ग्रंथात प्रसिद्ध केला. दसपट फरकाचे भाकीत कोठे, आणि कानाला ऐकू आलेला एकच आवाज कोठे! तथापि रूढ मत इतके बळकट होते, की एवढ्याने ते ढळले नाही.

या मताला खरा हादरा दिला तो इटलीतील गॅलिलिओ याने. गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी पिसा या गावी झाला. तेथल्याच विद्यापीठात तो १५८९ पासून १५९२ पर्यंत गणित शिकवीत असे, आणि त्यानंतर १६१० पर्यंत तो पादुआ येथे अध्यापक होता. पिसाच्या सुप्रसिद्ध कलत्या मनोऱ्यावरून त्याने लहानमोठे गोळे सोडून दाखवले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ही कथा त्याच्या विव्हियानी नावाच्या शिष्याने गुरूच्या चरित्रात लिहिली आहे. गॅलिलिओच्या स्वतःच्या ग्रंथांत मात्र या प्रसंगाचा उल्लेख नाही. म्हणून ती कथा बाजूस ठेवू, आणि त्याने स्वतः जे लिहिले आहे, तेच पाहू. ते या कथेहूनही अधिक मनोरंजक आहे.

प्रथम त्याने केवळ विचाराच्या बळावर जुन्या मताची परीक्षा घेतली. समजा, एक मोठा दगड आहे आणि एक लहान. जुन्या मताप्रमाणे मोठा झरझर पडेल आणि लहान रेंगाळत पडेल. आता हे दोन्ही दगड दोरीने एकत्र बांधले आणि सोडले, तर काय होईल? रेंगाळणारा लहान दगड मोठ्या दगडाला मागे खेचील, म्हणून ही जोडी एकट्या मोठ्या दगडाहून सावकाश पडली पाहिजे. परंतु दोन्ही दगड मिळून वजन तर वाढले आहे. मग त्याच मताप्रमाणे ही जोडी एकट्या मोठ्या दगडाहून अधिक वेगाने पडली पाहिजे. एकच जोडी एकाच वेळी अधिक सावकाशही पडेल आणि अधिक वेगानेही पडेल, हे कसे शक्य आहे? ज्या मतातून अशी परस्परविरोधी उत्तरे निघतात, ते मतच सदोष असले पाहिजे. या अडचणीतून सुटण्याचा मार्ग एकच : जड आणि हलका असे दोन्ही दगड सारख्याच वेगाने पडतात, असे मानणे.

परंतु युक्तिवाद कितीही बिनतोड असला, तरी गॅलिलिओ तेवढ्यावर थांबला नाही. वस्तू पडताना तिचा वेग नेमका कसा वाढतो, हे त्याला मोजून पाहावयाचे होते. येथेच मोठी अडचण होती. पिसाचा मनोरा सुमारे ५६ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून सोडलेला दगडही साडेतीन सेकंदांच्या आत जमिनीवर पोचतो; आणि इतका अल्प काळ अचूकपणे मोजील असे घड्याळ त्याच्यापाशी नव्हते. मग पडण्याची क्रियाच मंद केली तर? त्याने सुमारे सात मीटर लांबीची एक लाकडी तुळई घेतली. तिच्यात सरळ पन्हळ कोरली, ती घासूनपुसून गुळगुळीत केली आणि आतून नितळ चर्मपत्र लावले. तुळईचे एक टोक थोडे उंच करून त्या पन्हळीतून त्याने काशाचा घोटीव गोळा सोडला. उतारावरून घरंगळणे हेही एक प्रकारचे पडणेच होय. मात्र ते इतके संथ असते, की मोजता येते.

आणि घड्याळाचे काय? त्याने एक मोठे पाण्याचे भांडे उंचावर ठेवले. त्याच्या तळाशी असलेल्या बारीक नळीतून पाण्याची धार एका लहान पेल्यात पडे. गोळा सुटताच धार सुरू करावयाची आणि तो ठरलेल्या खुणेपाशी पोचताच ती थांबवावयाची. मग पेल्यात साठलेले पाणी बारीक तराजूने तोलावयाचे. पाणी दुप्पट भरले, म्हणजे वेळ दुप्पट लागला. ज्याला काळ मोजता येत नव्हता, त्याने काळाचे असे वजन केले! हा प्रयोग त्याने शंभर शंभर वेळा करून पाहिला.

त्यातून एक सुंदर नियम हाती आला. पन्हळीच्या चौथ्या हिश्शाएवढे अंतर जाण्यास गोळ्याला पूर्ण अंतराच्या निम्मा वेळ लागे. म्हणजे वेळ दुप्पट झाला, की अंतर चौपट होते. वेळ तिप्पट झाला, की अंतर नऊपट होते. अंतर हे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हाच नियम सरळ खाली पडणाऱ्या वस्तूलाही लागू पडतो. हवेचा अडथळा सोडून दिला, तर उंचावरून नुसती सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदाअखेर ४.९ मीटर, दुसऱ्या सेकंदाअखेर १९.६ मीटर आणि तिसऱ्या सेकंदाअखेर ४४.१ मीटर खाली येते. तिच्या वेगात दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटरची भर पडत जाते. वेगात अशी जी भर पडते, तिला त्वरण म्हणतात. झाडाच्या खालच्या फांदीवरून पडलेला मुलगा खरचटून सुटतो आणि शेंड्यावरून पडलेल्याचे हाड मोडते, याचे कारण हेच. उंची वाढते, तसा जमिनीला टेकतानाचा वेगही वाढलेला असतो.

हे सारे संशोधन गॅलिलिओने आयुष्याच्या अखेरीस एका ग्रंथात मांडले. त्या वेळी त्याची स्थिती कशी होती? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ साली रोम येथे धर्मपीठाने त्याला दोषी ठरवले होते. त्याला स्वतःच्या घरातच बंदिवासात राहावे लागत होते आणि त्याच्या ग्रंथांच्या प्रकाशनावर बंदी होती. त्यामुळे हा ग्रंथ १६३८ साली दूर हॉलंडमधील लायडन येथे छापून निघाला. तोवर गॅलिलिओची दृष्टी पार गेली होती. ज्या डोळ्यांनी त्याने गोळ्यांच्या गतीचे इतके सूक्ष्म निरीक्षण केले, त्या डोळ्यांना स्वतःचा ग्रंथ पाहता आला नाही.

हा ग्रंथ संवादरूपाने लिहिला आहे. त्यात जुन्या मताचा एक अभिमानी आक्षेप घेतो, की उंचावरून सोडलेले जड आणि हलके गोळे अगदी बरोबर पडत नाहीत. जड गोळा किंचित पुढे असतो. गॅलिलिओ हे मोकळेपणाने मान्य करतो. परंतु तो फरक जेमतेम दोन बोटांचा आहे, आणि ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने तो नव्याण्णव हातांचा असावयास हवा होता, याकडे तो लक्ष वेधतो. उरलेल्या त्या अल्पशा फरकाचे कारण वजन नसून हवा आहे, हेही त्याने ओळखले होते.

हे तुम्हांला घरीच पडताळून पाहता येईल. एक रुपयाचे नाणे घ्या आणि त्याहून किंचित लहान असा कागदाचा गोल तुकडा कापा. दोन्ही वेगवेगळ्या हातांतून एकदम सोडा. नाणे आधी पडेल आणि कागद भरकटत येईल. आता तो कागद नाण्यावर सपाट ठेवा आणि नाणे आडवे धरून सोडा. दोन्ही बरोबरच खाली येतील. कागदाचे वजन वाढले का? मुळीच नाही. नाण्याने पुढे होऊन हवा बाजूस सारली, म्हणून कागदाची वाट मोकळी झाली, इतकेच. पुढे हवा काढून टाकणारे पंप निघाले, तेव्हा काचेच्या निर्वात नळीत नाणे आणि पीस बरोबरच तळाशी पडताना लोकांनी पाहिले.

तथापि हवेचा हा अडथळा म्हणजे केवळ अडचण नव्हे. तो आपल्यावर मोठा उपकारही करतो. दीड किलोमीटर उंचीवरच्या ढगातून निघालेला पावसाचा थेंब जर हवेविना पडता, तर जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर झाला असता. अशा पावसात शेतातली कोवळी रोपे वाचली नसती, की घरट्यांतली अंडी. परंतु वेग वाढतो, तसा हवेचा विरोधही वाढतो, आणि शेवटी तो थेंबाच्या वजनाशी बरोबरी करतो. त्यानंतर वेग वाढत नाही. म्हणून मोठा थेंबसुद्धा सेकंदाला सुमारे ९ मीटर एवढ्याच वेगाने येतो.

आता मूळ प्रश्न उरला. जड वस्तूला पृथ्वी अधिक बळाने ओढते, हे तर खरे. मग ती अधिक वेगाने का पडत नाही? एक दृष्टांत घेऊ. एक बैलजोडी दहा पोत्यांची एक गाडी ज्या वेगाने ओढते, त्याच वेगाने तशाच दहा जोड्या तशाच दहा गाड्या ओढतील. ओढणारे बळ दसपट झाले. पण ओढावयाचे ओझेही दसपट झाले. मग वेग का बदलावा? पडणाऱ्या वस्तूंचेही असेच आहे. दसपट जड दगडाला पृथ्वीची ओढ दसपट असते. परंतु त्याला हलवणेही दसपट कठीण असते. एक गोष्ट दुसरीला तंतोतंत भरून काढते, आणि दोन्ही दगडांचे त्वरण सारखेच राहते.

पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, ही कल्पना आपल्या देशातही प्राचीन आहे. सह्याद्रीच्या परिसरात राहून ग्रंथरचना करणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वी जड पदार्थांना आपल्याकडे ओढून घेते, असे सांगितले आहे. मात्र या ओढीचे माप किती आणि ती अंतरानुसार कशी बदलते, हे गणिताने सिद्ध होण्यास आणखी पाच शतकांहून अधिक काळ जावा लागला. ते काम इंग्लंडमधील आयझॅक न्यूटन याने केले. त्याचा महान ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाई होते आणि तिप्पट झाले तर नवमांश होते, असा त्याचा नियम आहे. झाडावरून फळाला खाली ओढणारी शक्तीच चंद्रालाही ओढून धरते, हे त्याने गणिताने दाखवले. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे. म्हणून तेथे ही ओढ ३,६०० पटींनी कमी. येथे फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, तर चंद्र तेवढ्याच वेळात आपल्या सरळ वाटेपासून जेमतेम १.३६ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. तेवढ्याच वळणाने त्याची प्रदक्षिणा पूर्ण होते.

यावरून वजन म्हणजे काय, हेही स्पष्ट होते. वस्तूमध्ये द्रव्य किती आहे, ते तिचे वस्तुमान. आणि पृथ्वी तिला किती बळाने ओढते, ते तिचे वजन. बाजारात आपण दोहोंना वजनच म्हणतो, आणि तेथे त्याने काही बिघडत नाही. परंतु सहा किलोग्रॅम ज्वारी चंद्रावर नेली, तर हा भेद तत्काळ दिसून येईल. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. म्हणून पृथ्वीवर खुणा केलेल्या ताणकाट्याला अडकवलेली ती पिशवी तेथे एकच किलोग्रॅम दाखवील. पारड्यांच्या तराजूत मात्र तिला तोलण्यास सहा किलोग्रॅमचीच मापे लागतील, कारण मापेही तितकीच हलकी झालेली असतील. ज्वारीचा एक दाणाही कमी झालेला नाही. भाकरी तितक्याच होतील!

आणखी एक गैरसमज येथेच दूर करू. १९८४ साली भारताचे राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा ते यानात तरंगत होते. तेथे गुरुत्वाकर्षण नव्हते म्हणून ते तरंगले काय? नाही. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या नऊ-दशांशांहून अधिक असते. परंतु यान आणि यात्री दोघेही पृथ्वीकडे सारख्याच त्वरणाने पडत असतात, आणि पुढे जाण्याचा वेग प्रचंड असल्याने पडता पडता पृथ्वीला वळसा घालत राहतात. दोघेही बरोबरच पडत असल्याने पायांखालची जमीन पायांना दाबत नाही. म्हणून वजन जाणवत नाही. गॅलिलिओचा तोच जुना सिद्धान्त येथेही लागू पडतो.

या सिद्धान्ताची सर्वांत हृद्य परीक्षा २ ऑगस्ट १९७१ रोजी झाली. अमेरिकेच्या अपोलो-१५ या यानातून चंद्रावर उतरलेल्या डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरले. हातोडा सुमारे १.३ किलोग्रॅमचा, तर पीस अवघे ३० ग्रॅमचे. चंद्रावर हवा नाही. त्यांनी दोन्ही एकदम सोडले, आणि ती दोन्ही बरोबरच चंद्राच्या धुळीत पडली. दूरचित्रवाणीमुळे ते दृश्य पृथ्वीवरील लोकांनीही पाहिले.

ॲरिस्टॉटल अज्ञ होता, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तो असामान्य बुद्धीचा पुरुष होता, आणि प्रश्न विचारण्याची वाट त्यानेही दाखवली. दोष असेल, तर तो त्याचे वचन न तपासता दोन हजार वर्षे पाठ करणाऱ्यांचा आहे. थोरांविषयी आदर बाळगणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु त्यांचे म्हणणे पडताळून पाहण्याने तो आदर उणावत नाही. सत्य कोणाच्या नावावर उभे नसते. एक तुळई, एक गोळा आणि पेलाभर पाणी यांच्या साहाय्याने ते कोणालाही शोधता येते. मात्र त्यासाठी शंका घेण्याचे धैर्य आणि शंभर वेळा मोजण्याची चिकाटी अंगी असावी लागते.

स्वाध्याय

१. दोन दगड एकत्र बांधण्याच्या कल्पनेतून जुन्या मतातील विसंगती कशी दिसून येते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. गॅलिलिओने सरळ पडणाऱ्या गोळ्याऐवजी उतारावरून घरंगळणारा गोळा का निवडला?
३. वजन आणि वस्तुमान यांतील भेद ज्वारीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. आडात सोडलेला खडा २ सेकंदांनी पाण्यावर पडला. पाण्याची पातळी काठापासून किती मीटर खोल असेल? हवेचा अडथळा आणि आवाज वर येण्यास लागणारा वेळ सोडून द्या.
५. ‘सत्य कोणाच्या नावावर उभे नसते’, या विधानाचा अर्थ सांगून आपल्या परिसरातील एखादी रूढ समजूत तुम्ही कशी पडताळून पाहाल, ते दहा ओळींत लिहा.